बाजूला ठेवलेलं शिसं

राही गेल्याचं मला साताऱ्यात कळलं. चौऱ्याहत्तर साल, मार्गशीर्ष महिना. पाचगणीतला साहेबांच्या वेळचा एक बंगला पाडला होता. त्यातल्या पाण्याच्या शिशाच्या नळ्या साताऱ्यात एका भंगारवाल्याकडे आल्या होत्या. त्या बघायला मी गेलो होतो. जुन्या नळीचं शिसं मऊ असतं. खिळ्यानं रेघ ओढली तर सहज खोल जाते. मी खाली बसून तशी रेघ ओढत होतो, तेवढ्यात माझा जावई कृष्णात सायकलवरून आला. वडूथपासून दामटत आल्यानं त्याला धाप लागली होती.

"मामा, चला," तो म्हणाला.

"कुठं रं?"

"गावाकडं. तार आलीया."

मी विचारलं, "कुणाची?" त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

भंगारवाला म्हणाला, "नळ्या घेताय का? न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक हाय."

मी म्हणालो, "ठेवा बाजूला." बायको गेल्याची तार आली होती आणि मी हे बोललो. का बोललो ते अजून मला सांगता येत नाही. आदल्या दिवशी मी घरातून निघालो तेव्हा ती उठून बसली होती. "बरं वाटतंय मला, जावा, येताना पोरीला बघून या," असं तीच म्हणाली होती. म्हणून मी गेलो, आणि रात्री लेकीकडे राहिलो.

माझं नाव आकाराम. पलूसजवळ आमणापूरला माझं घर आहे. फौजेत मी बंदुका दुरुस्त करायच्या खात्यात होतो. हवालदार होऊन घरी आलो. इकडे द्राक्षाच्या बागा लागल्या तशा लोकांनी पाखरं राखायला एअरगना घेतल्या. बंदूक मिळायची, पण छर्रे वेळेवर मिळायचे नाहीत, मिळाले तर महाग. मी एक साचा बनवला आणि घरी छर्रे ओतायला लागलो. दुरुस्ती आणि छर्रे, यावर आमचं बरं चाललं होतं.

छऱ्याला कुठलंही शिसं चालत नाही. मऊच लागतं. मऊ छर्रा नळीतल्या खाचांत नीट बसतो आणि सरळ जातो. कडक असला तर हवा बाजूनं निसटते, नळी खराब होते. म्हणून मी शिसं पारखून घ्यायचो. बॅटरीचं कधीच घेतलं नाही, त्यात तेजाब असतं. छापखान्यातले अक्षरांचे खिळे लय कडक. केबलीवरच्या वेष्टणाचं बरं. नळीचं सगळ्यात चांगलं. आणि फौजेत आम्हाला एक शिस्त लावली होती, की शिसं स्वयंपाकाच्या जागी न्यायचं नाही. मी ती पाळली. गोठ्याच्या मागं वेगळी चूल, वेगळी कढई, वेगळा डाव. काम झालं की राखेनं हात घासल्याशिवाय घरात पाय टाकत नव्हतो. राही हसायची. म्हणायची, "सोवळं पाळताय जनू."

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात मी सांगलीहून धन्यकुमार भंगारवाल्याकडून शिशाच्या वड्या आणल्या. मऊ माल म्हणून त्यानं दिल्या होत्या. घरी येऊन बघतो तर त्यातल्या तीन वड्या जास्तच चमकत होत्या. खिळा वरून घसरत होता. वाकवल्यावर बारीक करकर आवाज आला. मला कळलं, ट्रकच्या रेडिएटरला डाग देतात ते हे. निम्मं शिसं, निम्मं कथील. राही शेजारी शेंगा फोडत बसली होती. मी त्या वड्या तिच्याकडे सरकवल्या. "यात कथील हाय. छऱ्याच्या कामाचं न्हाई. ठिव बाजूला," म्हणालो.

तिनं त्या उचलून कोनाड्यात ठेवल्या. एवढंच झालं.

पुढच्या साली संक्रांतीनंतर तिचं पोट दुखायला लागलं. कळ आली की ती गुडघे पोटाशी घेऊन पडायची. चार-चार दिवस परसाकडे व्हायची नाही. तोंड पांढरं पडत गेलं. मग पावसाळ्यात भाकरी थापताना हात मनगटातून गळायला लागला. भाकरी तव्यावर टाकायच्या आधी खाली पडायची. ती म्हणायची, "आता तुमीच थापा, हवालदार." मी थापायचो. माझी भाकरी बघून तिला दुखण्यातही हसू यायचं.

मिरजेला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्यांनी पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, मग तोंड उघडायला सांगितलं. हिरडीच्या कडेला काळी-निळी रेघ होती. ते बराच वेळ बघत राहिले. "मिश्री लावता का?" त्यांनी विचारलं. ती बाहेरच्या माणसापुढे बोलायची नाही. तिनं पदर तोंडावर घेतला. मीच म्हणालो, "व्हय साहेब, लावते." आमच्याकडच्या सगळ्या बायका लावतात. डॉक्टर पुढच्या गोष्टीकडे वळले. आतड्याला सूज आहे म्हणाले. रक्त वाढायचं औषध दिलं. चार-पाच महिने ते औषध चाललं. मग ती गेली.

बाराव्याला तिच्या नावानं भांडी द्यायची असतात. अंजना, आमची एकुलती एक लेक, तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. तिनं आईचं आमटीचं पितळी पातेलं मागून घेतलं. राहीनं ते तिच्या माहेराहून आणलं होतं. आतून नवी कल्हई होती, रुपयासारखं चकाकत होतं. मी ते पोरीच्या हातात दिलं. बरं वाटलं मला.

माघात रामगोंडा आला. बुधगावकडे त्याची चार एकर बाग आहे. दारातूनच ओरडला, "हवालदार, राघूंनी माझ्याकडं पंगत मांडलीया. वाढपी म्हणून मी उभा हाय. छर्रे द्या लवकर." मग त्याला आठवलं आणि त्यानं पायतान दाराबाहेर काढलं. बसून म्हणाला, "वहिनींचं कळलं. यायला जमलं न्हाई."

मी म्हणालो, असू दे. छर्रे शिल्लक नव्हते, ओतायला लागणार होते. शिसंही कमी होतं. मनात आलं, कोनाड्यातल्या तीन वड्या मऊ शिशात थोड्या थोड्या मिसळल्या तर निभेल. कोनाडा बघितला. वड्या नव्हत्या. पेटी, गोठा, माळा, सगळीकडे हुडकलं. शेजारच्या साळूबाईला हाक मारली. राहीची ती बहिणीसारखी. सगळी आवराआवर तिनंच केली होती.

"साळूबाई, कोनाड्यातल्या तीन वड्या कुठं ठेवल्यात?"

"कसल्या? त्या चकाकणाऱ्या? त्या आक्कानं कल्हईवाल्याला दिल्या की, भावजी."

"कवा?"

"येक त्या दिवाळीला. येक बैलांच्या बेंदराच्या आधी. येक आवंदा दसऱ्याला. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मी रिकाम्या कोनाड्याकडे बघितलं. तीच पुढं बोलत राहिली. "मी म्हनलं हुतं, आक्का, भावजींना इचार. तर म्हनली, त्यांनीच सांगितलंय, यात कथील हाय म्हनून. त्यांनी टाकूनच दिल्यात. कथील लय म्हाग झालंय, वाया कशाला घालवायचं?"

"कल्हईवाला काय म्हणाला?"

"त्यो म्हनला, ह्ये निम्मंच हाय. पर चालंल, चकाकी येतीया. लोक आनत्यात असलं."

"तुझ्या भांड्यांना लावलं का ते?"

"मला कुटलं? माझी त्याच्याच कथलानं केली. आक्काच्या वड्या आक्काच्या भांड्यांना."

रामगोंडा आमच्या दोघांकडे बघत होता. त्याला म्हणालो, चार दिवसांनी या. तो गेला. मी चुलीपाशी जाऊन राहीचा पितळी टोप घेतला आणि पांढऱ्या फडक्यानं आतून जोरानं घासला. फडकं काळं झालं, शिशाचा डाग असाच लागतो. परात घासली, तिचंही तसंच. साळूबाईच्या घरातलं भांडं आणून घासलं. फडकं पांढरंच राहिलं.

शिसं आंबटात उतरतं हे मला माहीत होतं. फौजेत आम्हाला शिकवलं होतं, शिशाच्या भांड्यात ताकसुद्धा ठेवू नये. मला पित्त आहे, मी आंबट खात नाही. मी भाकरी, दूध, सुकी भाजी खायचो. राहीला आंबटाशिवाय घास जायचा नाही. चिंच घालून आमटी स्वतःपुरती करायची, रात्रभर तशीच पातेल्यात ठेवायची, सकाळी शिळी खायची. मुरलेली चांगली लागते म्हणायची.

साळूबाईला मी एकच विचारलं. "राही मिश्री लावायची नव्हं?"

"आवं, तिनं सोडून आठ वर्सं झाली. अंजीचं लगीन ठरायच्या आधीच. तुमी तवा फौजेत हुता."

तिच्या हिरडीवरची रेघ मिश्रीची नव्हती, शिशाची होती. ती डॉक्टरांनी बघितली होती. त्यांनी विचारलं होतं. उत्तर मी दिलं होतं. पण त्याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती, कारण ते पातेलं अंजनाच्या चुलीवर होतं. तिला सातवा लागला होता. तिलाही आईसारखं आंबट लागतं, आणि या दिवसांत तर जास्तच लागत असणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली. कराडला बदलली. गाडी उंब्रजच्या पुढं पंक्चर झाली तेव्हा मी उतरून ड्रायव्हरला स्वतः जॅक लावू लागलो. तो म्हणाला, "आजोबा, कुणी मरायला टेकलंय काय?" मी जॅक फिरवत राहिलो.

वडूथला पोचलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. अंजना चुलीपुढं अवघडून बसली होती. पातेलं चुलीवर, आमटी उकळत होती. चिंचेचा वास दारापर्यंत आला. "आबा! कळवलं न्हाई, काय न्हाई," म्हणत ती उठायला लागली. तिची सासू रंगूबाई म्हणाली, "पाव्हणं आलं येळंवर. आईच्या पातेल्यातली आमटी खाऊन बघा. पोरीनं तर दोन म्हैने दुसरं काय खाल्लं न्हाई."

मी चुलीपाशी गेलो, फडक्यानं पातेलं धरलं आणि उतरवताना हातातून सोडलं. सगळी आमटी राखेत गेली.

"आवं, चुलीत कशाला हात घातला!" रंगूबाई ओरडली. "हवालदार म्हणं! हे हात बंदूक धरत हुतं व्हय?"

अंजना आधी माझे हात बघायला आली. भाजलं नव्हतं. मग तिनं पातेलं उचललं, पोचा पडला का ते फिरवून बघितलं, पदरानं पुसलं. मी म्हणालो, "अंजे, हे मी घिऊन जातो. कल्हई नवी करून आणतो."

"कल्हई हाय की. दसऱ्याला आईनंच केलीया. बघा कसं चकाकतंय."

"जुनी झाली."

"आबा, असू द्या."

रंगूबाईनं कमरेवर हात ठेवले. "बाराव्याला दिलेलं परत मागत्यात व्हय तुमच्याकडं? मेलेल्या माणसाच्या नावाचं हाय ते. माघारी न्हेलं तर तिला पोचंल काय?"

अंजनाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगितलं असतं तर पातेलं लगेच मिळालं असतं. पण मग तिला कळलं असतं, की आई कशानं गेली आणि ते शिसं घरात कुणी आणलं. शिवाय ती दोन महिने काय खात होती तेही. सातव्या महिन्यात बाईला हे कसं सांगायचं? आणि खरं म्हणजे, ती मग माझ्याकडे कशी बघेल याचंही मला भ्या वाटलं. दोन्ही गोष्टी होत्या. कुठली जास्त होती ते मी सांगू शकत नाही.

तिसऱ्या प्रहरी कृष्णातबरोबर मळ्यात गेलो. बैलं सोडून तो बांधावर बसला. मी त्याला सगळं सांगितलं. तो वाळक्या काटकीनं मातीत रेघा ओढत राहिला. शेवटी म्हणाला, "मामा, तिचं पोट दुखतंय म्हनली हुती. गेल्या आठवड्यात."

"कुठं दुखतं? बेंबीजवळ? परसाकडं होती का?"

"मला काय ठावं? आई म्हनली, पोटुशीला दुखतंच." तो उठला. "तुमी काय बोलू नगा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "घागर गळतीया, बैलांना पाणी दावायला पातेलं न्हेतो." अंजना नको म्हणायच्या आत तो पातेलं घेऊन गेलासुद्धा. अर्ध्या तासानं रिकाम्या हातानं आला. "दोर सुटला. हिरीत गेलं."

रंगूबाईनं त्याला जे झोडपलं, ते मी कधी विसरणार नाही. "मुडद्या, तुला तेच भांडं सापडलं? सासू मेली, तिचं पातेलं बुडवलंस. आता सासऱ्यालाबी ढकल!" मी त्याला बाजूला घेतलं. "गड्या, प्यायच्या पाण्यात टाकलंस?"

"न्हाई वं मामा. कडब्याच्या गंजीत हाय. पोत्यात घातलंय."

आम्हाला वाटलं, झालं. पण अंजना उठली आणि वाडीतून अर्जुनाला बोलावणं धाडलं. विहिरीत पडलेली भांडी गळानं काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. दहा वाजता त्यानं गळ सोडला. अंजना कठड्याला टेकून उभी राहिली. मी म्हणालो, घरात जा, ऊन लागेल. तिनं ऐकलं नाही. कृष्णात आणि मी खाली मान घालून दोर धरून राहिलो.

पहिल्यांदा एक घागर वर आली. रंगूबाई म्हणाली, "अगं बया, ही माझी! सहा वर्सं झाली. हिच्यापायी मी जावंला चोर म्हनलं हुतं!" अर्जुना म्हणाला, "मग आता जावंला जेवाय बोलवा." लोक हसले. मग एक बादली आली, मग एक तांब्या, त्यात बेडूक. प्रत्येक वेळी गळ जड झाला की अंजना पुढं वाकायची आणि मी तिचा दंड धरायचो. दुपारपर्यंत गळ चालला. अर्जुना म्हणाला, "ताई, तुमचं पातेलं गाळात रुतलंय. पाणी लय हाय आत्ता."

ती घरात जाऊन निजली.

दुसऱ्या दिवशी तिला साताऱ्याला लेडी डॉक्टरकडे नेलं. आई नाही तर बापानं तपासून घ्यावं म्हणालो, त्यावर रंगूबाई तिची पिशवी भरायला लागली. पातेल्याचं पोतं कृष्णातनं आधीच साताऱ्याच्या एसटी स्टँडवर एका ओळखीच्या पानवाल्याकडे ठेवलं होतं. तपासून झाल्यावर अंजनाला बाहेर बसवून मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी तिला परत आत बोलावून हिरड्या बघितल्या, मनगटं वर करायला लावली. रेघ नव्हती. हात बरे होते. तिला पुन्हा बाहेर पाठवून म्हणाल्या, "दोनच महिने झालेत. काही नसेलही. रक्ताची तसली तपासणी इथं होत नाही. दूध द्या, अंडी द्या. बाळाचे ठोके चांगले आहेत."

"म्हणजे भ्या न्हाई?"

"तसं मी म्हणत नाही. जन्मल्यावर बाळाकडे लक्ष ठेवावं लागेल. आणि तिला सांगा. पोटात कळ आली तर ती अंगावर काढेल. तिला माहीत असलं तर लगेच येईल."

मी विचारलं, "माझी बायको त्यानंच गेली का?"

त्या म्हणाल्या, "आता नक्की कोण सांगणार? पण तुम्ही सांगताय त्यावरून तसं वाटतं."

मी म्हणालो, सांगतो तिला. बाहेर आलो. अंजना बाकावर बसून पेरू खात होती. "काय म्हनल्या आबा?" मी म्हणालो, "दूध पी म्हनल्या." स्टँडवर ती आणि कृष्णात वडूथच्या गाडीत बसले. ती खिडकीतून म्हणाली, "एक इचारू? आई शेवटाला लय कळवळली व्हय?" मी म्हणालो, मी नव्हतो तिथं. गाडी हलली. मग मी पानवाल्याकडून पोतं घेतलं.

घरी येऊन सगळ्या भांड्यांची कल्हई मी गोठ्यामागच्या चुलीवर तापवून उतरवली. ते शिसं खड्डा काढून पुरलं. भांडी माळ्यावर उपडी ठेवली आहेत. रामगोंडाला छर्रे ओतून दिले नाहीत. साचा त्यालाच देऊन टाकला. तो म्हणाला, "हवालदार, आमाला शिसं कुठलं कळायला?" मी म्हणालो, मलाही कळत नव्हतं.

आता चैत्र चालू आहे. कृष्णातचं दर आठवड्याला कार्ड येतं. दूध पिते, पोट दुखलं नाही, असं तो लिहितो. परवाच्या कार्डात खाली दोन ओळी अंजनानं स्वतः लिहिल्या होत्या. दिवस भरत आले आहेत, आणि विहिरीचं पाणी उतरायला लागलंय. वैशाखात तळ दिसला की पातेलं काढून घेऊ, तुम्ही पण या.

मी तीनदा कार्ड लिहायला घेतलं. एकदा गाडीत बसून कराडपर्यंत गेलो आणि माघारी आलो. तिला मी अजून सांगितलेलं नाही.